डाय बदलायला दोन तास, आणि दोष मात्र ऑपरेटरचा

नाशिकच्या पट्ट्यात अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, कुठल्याही कारखान्यात जा, गेटमधून आत शिरलं की भिंतीवर फाइव्ह एसचा, म्हणजे सगळं नीटनेटकं आणि जागच्या जागी ठेवायच्या पद्धतीचा, बोर्ड दिसतोच. त्याखाली सात प्रकारचं वेस्ट, म्हणजे वाया जाणारं काम आणि माल, लिहिलेलं, बाजूला कायझेनचे, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांचे, आधीचे-नंतरचे फोटो, आणि त्या महिन्याच्या बेस्ट ऑपरेटरचा फोटो. मी बरीच वर्षं याच पट्ट्यात काम करतोय, आधी प्रेस शॉपला, म्हणजे जिथे प्रेसवर पत्रा कापून-दाबून पार्ट काढतात तिथे, प्रॉडक्शन बघायचो, आता मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वेंडर लोकांना प्रोसेस सुधारायला मदत करतो, आणि वेस्ट कमी करायला हवं हे मला मनापासून पटतं, त्यात वादच नाही. पण आपल्याकडे हे काम ज्या टोकाने सुरू होतं ते टोकच चुकतंय असं माझं ठाम मत झालंय. आपण सुरुवात करतो ऑपरेटरच्या हातापासून. त्याचा हात किती सेकंदात फिरला, पाणी प्यायला किती वेळा गेला, एकटा दोन मशीन सांभाळेल का. आणि वेस्ट जिथे तयार होतं ते शेड्यूल, परचेस, पेमेंट, प्लॅनिंग, तिकडे कुणी स्टॉपवॉच घेऊन जातच नाही.

हा नुसता कारखानदारांचा आपसातला विषय असता तर एवढं लिहिलंच नसतं. पण यात सरकारचा म्हणजे आपला सगळ्यांचा पैसा आहे. लीन म्हणजे वेस्ट काढून टाकून काम करायची पद्धत, त्यासाठी छोट्या-मध्यम उद्योगांना केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन स्कीम मार्च 2023 मध्ये नव्याने आली, बेसिक, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि कन्सल्टंटच्या फीचा 90 टक्के भाग सरकार भरतं, आधीच्या स्कीममध्ये तो 80 टक्के होता. महिला उद्योजक, एससी-एसटी उद्योजक यांना वर अजून 5 टक्के. स्कीम चांगली आहे, छोट्या युनिटवाल्याला स्वतःच्या खिशातून असा माणूस बोलवणं परवडत नाही हे खरंय. मग एवढा पैसा जाणार असेल तर त्यातून नेमकं काय सुधारलं आणि ते कुणाच्या जिवावर सुधारलं हे विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही?

जरा मागे जाऊ. ही सात वेस्टची यादी टोयोटाच्या ताइइची ओनो यांची. गरजेपेक्षा जास्त माल बनवणं, वाट बघणं, उगाच वाहतूक, उगाचचं प्रोसेसिंग, पडून असलेला स्टॉक, उगाचची हालचाल आणि खराब पीस. यातलं सगळ्यात वाईट वेस्ट म्हणजे गरजेपेक्षा जास्त बनवणं असं ओनो सांगायचे, कारण बाकीची सगळी त्याच्या पोटात लपतात. आता ही यादी परत एकदा वाचा आणि सांगा, यातलं किती ऑपरेटरच्या हातात आहे? किती बनवायचं ते पीपीसी, म्हणजे प्लॅनिंगचा विभाग, ठरवतं. वाट बघावी लागते कारण मटेरियल आलं नाही, डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारा साचा, तयार नाही, क्यूसीवाला, म्हणजे पीस तपासणारा, दुसऱ्या लाइनला आहे. वाहतूक होते कारण लेआउट तसा केलाय, मशीन जिथे जागा मिळाली तिथे उभं केलं. स्टॉक परचेसचा. उगाचचं प्रोसेसिंग ड्रॉइंगमध्येच लिहून आलेलं. राहिली हालचाल आणि खराब पीस, त्यातही जिग-फिक्श्चर (पीस पकडायची साधनं) आणि मशीनची अवस्था याचा वाटा मोठा. तरी ऑडिटमध्ये प्रश्न कुणाला विचारले जातात? मशीनवर उभ्या पोराला.

डाय चेंजचंच घ्या, कारण आपल्या प्रेस शॉपमध्ये याच्याइतका वेळ कशातच जात नाही. सकाळच्या शिफ्टला सुपरवायझर सांगतो, हा जॉब बंद, तो लावा. मग जुनी डाय सोडायला घेतात. टी-बोल्ट सोडायचे तर पाना हवा, पाना टूलरूममध्ये, टूलरूमवाला म्हणतो कालच दिला होता. तो सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. डाय सुटली, आता फोर्कलिफ्ट हवी, ती डिस्पॅचला ट्रक भरतेय. फोर्कलिफ्ट आली, नवी डाय रॅकमधून काढली तर तिच्यावर गेल्या वेळचा स्क्रॅप तसाच, स्ट्रिपरची स्प्रिंग तुटलेली, मागच्या वेळी काढताना कुणी सांगितलंच नव्हतं. मग मेंटेनन्सला फोन. डाय चढली तर तिची उंची वेगळी, शट हाइट, म्हणजे प्रेसची वर-खाली होणारी स्लाइड खाली आल्यावर उरणारी उंची, परत सेट करा, स्लाइड थोडी खाली, एक पीस, बर (कडेला राहणारी धार) येतोय, अजून थोडी, दुसरा पीस. शेवटी फर्स्ट पीस अप्रूव्हलसाठी क्यूसीच्या टेबलावर पीस ठेवायचा आणि उभं राहायचं. दोन तास सहज जातात. या दोन तासांत ऑपरेटर पळतच असतो हो, घामाघूम झालेला असतो, पण प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये त्याच्या नावापुढे शून्य.

यातल्या कुठल्या मिनिटाला प्रेस बंद असणं खरंच गरजेचं होतं? डाय सोडणं, बसवणं, एवढंच. पाना शोधणं, स्प्रिंग बदलणं, फोर्कलिफ्ट बोलावणं, नवी डाय साफ करून शेजारी आणून ठेवणं, हे सगळं आधीचा जॉब चालू असतानाच होऊ शकत होतं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी जगाला शिकवलं ते एवढंच, मशीन बंद असतानाच करायची कामं वेगळी काढा, चालू असताना होणारी वेगळी काढा, आणि जेवढी जमतील तेवढी पहिल्यातून दुसऱ्यात ढकला. टोयोटातल्या 1000 टनाच्या प्रेसला डाय बदलायला चार तास लागायचे, 1969 च्या सुमारास शिंगो आणि तिथल्या लोकांनी ते दीड तासावर आणले आणि पुढे तीन मिनिटांवर. आपल्याला तीन मिनिटं नकोतच. सगळ्या डाय एका उंचीच्या करायच्या, म्हणजे खाली पॅरलल प्लेट लावून टाकायच्या की शट हाइटला हात लावायलाच नको, बोल्ट एका साइजचे, पाना प्रेसलाच टांगलेला, उद्या कुठली डाय लागणार त्याचा कागद आज संध्याकाळी टूलरूमकडे. याला खर्च किती येतो? प्लेट कापायचा आणि एक कागद लिहायचा. दोन तासांचे वीस-पंचवीस मिनिटं होताना मी बघितलंय, माणसाला एका पावलानेही जास्त न पळवता.

पण मुद्दा नुसत्या वाचलेल्या वेळेचा नाही, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. हिशोब करून बघा. समजा प्रेस मिनिटाला 12 पीस काढतो, म्हणजे तासाला 720. कस्टमरला रोज 500 पीस लागतात. डाय बदलायला दोन तास लागत असतील तर 1000 पीससाठी डाय लावायची कुणाचीच तयारी नसते, दीड तासही मशीन चालणार नाही आणि सेटिंगलाच दोन तास. मग प्लॅनर म्हणतो लावलीच आहे तर 10,000 काढून घ्या. झाले 20 दिवसांचे पीस, बिनमध्ये भरून, एकावर एक रचून, पावसाळ्यात गंज धरत. आणि समजा 2000 पीस झाल्यावर पंचचा कोपरा उडाला आणि भोकाला बर यायला लागला, तर ते कळणार कधी? पुढे वेल्डिंगला तो बिन उघडेल तेव्हा, चार-पाच दिवसांनी. तोपर्यंत खराब पीस हजारांनी तयार. मग सॉर्टिंग, रिवर्क, चार हेल्पर दोन दिवस फाइल घेऊन बसलेले, आणि मीटिंगमध्ये विषय काय तर ऑपरेटर लक्ष देत नाही. तीच डाय वीस मिनिटांत बदलता आली असती तर 1000-1000 चे लॉट निघाले असते, दोषही दोन दिवसांत पकडला गेला असता, बिन कमी लागले असते, जागा मोकळी झाली असती. गोडाऊन कमी पडतंय म्हणून नवीन शेड बांधायला निघालेले लोक मी बघतो तेव्हा आधी त्यांना विचारतो की डाय चेंजला किती वेळ लागतो.

आता महिन्याच्या शेवटाकडे या. नाशिकमधल्या कुठल्याही वेंडरला विचारा, पहिला आठवडा कसा जातो आणि शेवटचा कसा. पहिल्या आठवड्यात मटेरियल नाही, शेड्यूल फायनल नाही, लोक बसून, ठेकेदाराला सांगतात दहा पोरं कमी पाठव. पंधरा तारखेला शेड्यूल बदलतं, हे मॉडेल कमी, ते वाढवा. पंचवीस तारखेपासून रात्रपाळी, रविवारी चालू, डबल शिफ्ट, डिस्पॅचला रात्री अकराला टेम्पो उभे, कस्टमरच्या परचेसचे फोन सुरू. याच दिवसांत सगळ्यात जास्त रिजेक्शन होतं, याच दिवसांत अपघात होतात. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, तो कुठे किती मिळतो ते कामगारांनाच विचारा. महिनाभराचं काम महिनाभर सारखं वाटून झालं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. तेवढेच पीस, तेवढीच माणसं, तेवढीच मशीनं.

जपानी लोक मुडा म्हणजे वेस्ट याच्या जोडीला अजून दोन गोष्टी सांगतात, मुरा आणि मुरी. मुरा म्हणजे चढ-उतार, एक दिवस मोकळा आणि एक दिवस मरमर. मुरी म्हणजे माणसावर किंवा मशीनवर झेपणार नाही एवढा भार. आपल्याकडे बोर्डवर मुडाची सात नावं येतात आणि या दोन येतच नाहीत. का येत नाहीत हे उघड आहे. मुडा मशीनपाशी दिसतं, त्याला जबाबदार धरायला समोर माणूस उभा असतो. चढ-उतार शेड्यूलमधून येतो आणि शेड्यूल कस्टमरकडून, आणि कस्टमरला कोण बोलणार? पण क्रम असाच आहे, चढ-उतारामुळे अतिभार येतो आणि अतिभारामुळे वेस्ट होतं. शेवटच्या टोकाला जाऊन कितीही झाडू मारला तरी वरून कचरा येतच राहणार.

मोठ्या कंपन्या यावर म्हणतात की आम्ही तर झिरो इन्व्हेंटरीवर आहोत, बघा आमच्याकडे चार तासांचाच स्टॉक असतो. बरोबर आहे, त्यांच्याकडे नसतो. पण नाशिकहून चाकणला माल पाठवणारे किती वेंडर तिकडे भाड्याने गोडाऊन घेऊन बसलेत ते एकदा मोजा. नाशिक-पुणे रस्त्याला आणि चाकणच्या चौकात गाडी कधी अडकेल याचा भरवसा नाही, लाइन थांबली तर डेबिट नोट येते, म्हणजे बिलातून पैसे कापले जातात, म्हणून वेंडर आठ दिवसांचा माल तिथे नेऊन ठेवतो. तो स्टॉक, ते भाडं, त्यावरचं व्याज सगळं छोट्याच्या खात्यात. टोयोटाचे पुरवठादार कारखान्याच्या आसपासच होते, कोरोमो गावाचं नावच 1959 मध्ये टोयोटा झालं, रोज बऱ्याच वेळा गाड्या जा-ये करायच्या आणि शेड्यूल आधी ठरलेलं, सपाट केलेलं असायचं. यातलं काहीच न करता नुसतं स्वतःचं गोडाऊन रिकामं केलं तर त्याला लीन म्हणणं मला मान्य नाही.

स्टॉक म्हणजे प्रत्येक वेळी वेस्टच हेही मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यातला कांद्याचा शेतकरी उन्हाळ कांदा काढतो मार्च ते मे, आणि चाळीत ठेवतो पार दिवाळीपर्यंत. त्यात वजन घटतं, काही सडतो, काही कोंब धरतो, पुस्तकी नजरेने बघितलं तर शुद्ध इन्व्हेंटरी वेस्ट. पण काढणीच्या दिवसांत सगळ्यांनी एकदम लासलगावला ट्रॅक्टर नेले तर भाव काय होतो ते त्याला माहितीये. निर्यातबंदी कधी लागेल, कधी उठेल हेही त्याच्या हातात नाही. ती चाळ हा त्याचा विमा आहे. जिथे पुढचं काही धड ठरलेलं नसतं तिथे साठा ठेवणं हा शहाणपणा असतो, आणि तो साठा कमी करायचा असेल तर आधी ती अनिश्चितता कमी करावी लागते. कारखान्यातही हेच. वेंडरने पत्रा का साठवला असं ओरडण्याआधी पत्र्याचा भाव आणि पुढचं शेड्यूल याबद्दल त्याला काय कळवलं होतं ते बघा.

टोयोटालाही याचा चटका बसला होता. 1 फेब्रुवारी 1997 ला आइसिन या त्यांच्या पुरवठादाराचा कारिया इथला कारखाना जळाला, तिथे ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा, टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांचा. स्टॉक काही तासांचाच. जपानमधल्या लाइनी बंद पडल्या. पण पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साठाहून जास्त कंपन्यांनी, त्यातल्या कित्येकांनी हा व्हॉल्व्ह कधी बघितलाही नव्हता, ड्रॉइंग मागवून घेतली, आपापल्या मशीनवर जमेल तसं सेटिंग करून पीस काढायला सुरुवात केली, आणि आठवडाभरात गाड्या पुन्हा निघायला लागल्या. पैसे किती मिळणार, कंत्राट कुठलं, हे नंतरचं. असं लोक कुणासाठी करतात? जो वर्षानुवर्षं नीट वागलाय त्याच्यासाठी. आपल्याकडे एखाद्या मोठ्या कंपनीवर अशी वेळ आली तर किती वेंडर रात्री मशीन चालू करतील याचा विचार त्या कंपन्यांनी जरूर करावा.

आणि नीट वागण्यातली पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर पैसे. वाट बघणं हे वेस्ट आहे ना, मग पैशाची वाट बघणं हे का मोजत नाही कुणी? एमएसएमईडी कायदा 2006 चा आहे, कराराने ठरलं असेल तरी 45 दिवसांच्या वर पेमेंट ठेवता येत नाही, ठेवलं तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2017 मध्ये तक्रारीसाठी समाधान पोर्टल आलं. आयकर कायद्यात 43 बी (एच) आलं, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वेळेत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. कायदे भरपूर झाले. तरी नव्वद दिवस, कधी शंभर दिवस ऐकायला मिळतात, आणि तक्रार कोण करणार, पुढची ऑर्डर कोण घालवणार? मग होतं काय, वेंडर सीसी लिमिटवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटवर, व्याज भरतो, पैसा आला की एकदम ट्रकभर पत्रा घेतो कारण परत कधी येईल माहीत नाही, नाही आला तर दोन-दोन शीट उधारीवर उचलतो, लाइन थांबते. इन्सर्ट, म्हणजे कटिंग टूलला लावायच्या धारेच्या चकत्या, झिजलेले असतात पण नवीन घ्यायला पैसे नाहीत, फिनिश खराब, रिजेक्शन. साखळी बघा कशी आहे. लीनचा कन्सल्टंट इथे येऊन इन्सर्टची ट्रे रंगवून देतो आणि पेमेंटच्या विषयाला हातच लावत नाही, कारण ते त्याच्या स्कोपमध्ये नाही.

फाइव्ह एसबद्दल पण बोलतो थोडं. जागा ठरलेली असावी, वस्तू सापडावी, गळती लगेच दिसावी म्हणून फाइव्ह एस असतं. पण पाहुणे येणार म्हणून सगळा पसारा आतल्या खोलीत कोंबावा तसं ऑडिटच्या आदल्या रात्री पिवळे पट्टे मारून घेतात आणि खराब पीसचे बिन शेडच्या मागे ताडपत्रीखाली जातात. लाल बिन रिकामा दिसला की साहेब खूश. खराब पीस लपवणं हे या सगळ्या विचाराच्या बरोब्बर उलट आहे. साकिची टोयोदा यांचा 1924 चा माग कशासाठी प्रसिद्ध झाला? धागा तुटला की तो आपोआप थांबायचा म्हणून. दोष दिसला की थांबायचं, तिथेच बघायचं, मग पुढे. हीच गोष्ट पुढे मोटारीच्या लाइनवर आली, कुठलाही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते, आणि थांबली म्हणून त्याला कुणी झापत नाही.

आपल्याकडे कुठला हेल्पर मशीन थांबवेल? तो ठेकेदाराचा माणूस, सहा-सात महिन्यांनी त्याला कामातून ब्रेक दिला जाणार, श्रमिकनगरला किंवा चुंचाळ्याला चौघांत एक खोली, कार्ड कधी बंद होईल, म्हणजे काम कधी जाईल, सांगता येत नाही. त्याला दर तासाला एकच प्रश्न विचारला जातो, काउंट किती झाला. पीसला बर येतोय हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं, त्याच्याच बोटाला लागतं ते, पण बोलायची सोय नाही. अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग 1950 मध्ये जपानला जाऊन गुणवत्ता शिकवून आले, ते कायम सांगायचे की भीती काढून टाका, बहुतेक दोष सिस्टिमचे असतात आणि सिस्टिम मॅनेजमेंटच्या हातात असते. आपल्या नाशिकमध्ये ज्यांची गाड्यांची फॅक्टरी आहे त्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला 2003 मध्ये त्यांच्याच नावाचं, गुणवत्तेसाठीचं डेमिंग प्राइझ मिळालं, म्हणजे हे आपल्या लोकांना समजत नाही किंवा जमत नाही असं अजिबात नाही. पण हे शहाणपण साखळीत खाली उतरता उतरता फक्त काउंट शिल्लक राहतो.

आणि काउंटच्या मागे लागल्यावर काय होतं ते सांगायलाच हवं. प्रेसला दोन हातांची बटणं असतात, दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्लाइड खाली येऊ नये म्हणून. एका बटणाला पट्टी लावून ठेवली की एक हात मोकळा होतो, पीस पटापट टाकता येतात, प्रत्येक पीसमागे सेकंद-दीड सेकंद वाचतो. कागदावर बघाल तर हे हालचालीचं वेस्ट कमी केल्यासारखंच दिसतं. आणि मग एक दिवस रात्रपाळीत, महिनाअखेरीला, कुणाची तरी दोन बोटं जातात. वीस-बावीस वर्षांचं पोर असतं. बोटं गेलेले लोक या एमआयडीसीत शोधावे लागत नाहीत, एक्सलो पॉइंटला चहा घेताना हात बघा. ज्या सुधारणेत गार्ड काढावा लागतो ती सुधारणा नाहीच, ती कुठल्याही शीटवर कितीही हिरवी दिसली तरी थांबवली पाहिजे, आणि पट्टी कुणी लावली याच्या आधी टार्गेट कुणी लावलं हे विचारलं पाहिजे.

आता सगळ्यात अडचणीचा प्रश्न. वेस्ट कमी झालं, सहा माणसांचं काम चौघांत व्हायला लागलं, मग उरलेल्या दोघांचं काय? आपल्याकडे उत्तर तयार असतं, कार्ड बंद. कायझेनच्या फोटोखाली मॅनपॉवर सेव्हिंग दोन असं लिहितातही. त्यानंतर त्या लाइनवरचा कुणी माणूस परत सजेशन देईल असं वाटतं का? देणारच नाही, आणि का द्यावं? टोयोटाचा इतिहास इथे पूर्ण वाचायला हवा, अर्धाच नको. 1950 मध्ये कंपनी बुडायला आली होती, हजाराहून जास्त लोकांना घरी जावं लागलं, मोठा संप झाला, आणि अध्यक्ष किइचिरो टोयोदा यांनी स्वतः राजीनामा दिला. त्यानंतर उरलेल्यांना नोकरीची हमी हा पाया झाला, 1962 मध्ये युनियन आणि कंपनीने परस्पर विश्वासाचं संयुक्त निवेदनच काढलं. लोकांनी आपलंच काम सोपं करून दाखवावं अशी पद्धत त्या हमीवर उभी राहिली. आपण पद्धत उचलली आणि हमी तिकडेच ठेवली.

छोट्या कारखानदाराचं म्हणणं मला माहितीये, रोज ऐकतो. तो म्हणतो, साहेब, कस्टमर दरवर्षी कॉस्ट डाउन मागतो, विजेचा रेट वाढतो, पत्रा वाढतो, मी पगार आणि माणसं सोडून कापू कशात? त्याचा राग खोटा नाही, या साखळीत तोही दाबलाच जातोय. पण त्याला मी हेच दाखवतो की तुझा पगाराचा खर्च आणि तुझं रिजेक्शन, रिवर्क, पडून असलेले बिन, महिनाअखेरचा स्पेशल टेम्पो, सीसीचं व्याज हे एकदा शेजारी शेजारी लिही. बहुतेक ठिकाणी हा दुसरा आकडा कुणी कधी लिहिलेलाच नसतो. आणि हो, कामगार वेळ वाया घालवतच नाहीत असं मी म्हणत नाही, मोबाइल असतो, तंबाखू मळणं असतं, उशिरा येणं असतं. सुपरवायझरने ते बघावं, ते त्याचं कामच आहे. पण दोन तास डाय चेंजला जाणाऱ्या कारखान्यात दहा मिनिटांच्या चहावरून आरडाओरडा व्हावा हे काही पटत नाही.

म्हणून मला वाटतं, सरकारी पैशातून होणाऱ्या लीनच्या कामात मोजायच्या गोष्टी बदलल्या पाहिजेत. किती फोटो लागले आणि किती पट्टे मारले हे नको. डाय चेंज आधी किती आणि आता किती, लॉट साइज किती उतरली, पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याच्या डिस्पॅचमध्ये फरक किती राहिला, अपघात किती, आणि स्कीम सुरू झाली तेव्हा असलेल्या कामगारांपैकी वर्षाने किती जण टिकले, हे रिपोर्टमध्ये यावं. ज्या मोठ्या कंपनीच्या वेंडरना हे अनुदान मिळतं त्या कंपनीने महिनाभराचं शेड्यूल एका मर्यादेपलीकडे बदलायचं नाही आणि 45 दिवसांत पैसे द्यायचे, एवढं लेखी घ्यावं. 250 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे वेंडरची बिलं लवकर वटवायच्या ऑनलाइन मंचावर, येणं आता सक्तीचं आहे, तर ते अनुदानाशी जोडायला काय हरकत आहे? निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या मीटिंगमध्ये रस्ते, वीज, पाणी यावर जोरात बोललं जातं, चांगलंच आहे, पण शेड्यूल आणि पेमेंटवर छोट्यांनी एकेकट्याने बोलायची वेळ येऊ नये, ते संघटनेनेच बोलायला हवं.

आणि सातपूरला आपली आयटीआय आहे. तिथून फिटर, टूल अँड डायचे मुलं दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना पहिल्याच वर्षी एका जुन्या प्रेसवर डाय चेंज करायला लावा, स्टॉपवॉच त्यांच्याच हातात द्या, कुठला मिनिट कशात गेला ते त्यांनाच लिहू द्या, आणि तो कागद ज्या वेंडरकडे ते अप्रेंटिस म्हणून जाणार आहेत त्याच्या मालकासमोर बसून वाचून दाखवू द्या. याला ना नवीन स्कीम लागते ना मोठा निधी, येत्या बॅचपासून सुरू करता येईल.